एकावर चोवीस शून्ये, वर एकशे दोन

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ६१७४ या संख्येमुळे ठाऊक असते. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरावे, आणि तेच पुन्हा करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते आणि मग हलत नाही. शाळेतल्या गणित मंडळात हा खेळ हमखास रंगतो. आमचे मात्र असे मत झाले आहे की ६१७४ च्या प्रसिद्धीखाली कापरेकरांचे दुसरे एक काम झाकले गेले, आणि गणिताच्या दृष्टीने ते अधिक खोल आहे. या कामातली एक संख्या पंचवीस अंकी आहे. ती त्यांना ७ जून १९६१ रोजी सापडली. तिच्याविषयी त्यांनी बांधलेला अंदाज बरोबर की चूक, हे ठरायला साठ वर्षे जावी लागली. त्या संख्येची ही हकीकत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. तिथे असताना, १९२७ मध्ये, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. मोठ्या नियतकालिकांत त्यांचे लेखन थोडे. बरेचसे त्यांनी लहान लहान पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापले. गणिताच्या परिषदांना ते पदरमोड करून जात. तिथे त्यांच्याकडे कौतुकाने पाहणारे होते, तसे 'हे कसले गणित' म्हणून हसणारेही होते. हसणाऱ्यांचे म्हणणे काय होते ते पुढे पाहू, कारण त्यात थोडे तथ्य आहे.

आता मूळ क्रिया. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ३४ घेतले तर ३ आणि ४ मिळून ७, म्हणून ३४ + ७ = ४१. पुढे ४१ + ५ = ४६, ४६ + १० = ५६, मग ६७, ८०, ८८, १०४ अशी गाडी चालत राहते. कापरेकरांनी या क्रियेला 'डिजिटॲडिशन' म्हटले. ३४ हा ४१ चा जनक, ४१ हा ४६ चा जनक, असे आपण म्हणू. बारामतीजवळच्या सुप्यातली शाळा असो की मुंबईतली, याला लागणारे साहित्य एकच: खडू आणि फळा. चौथीतल्या मुलालाही हे जमते.

पण उलट विचारा. १०४ चा जनक कोण? २० चा कोण? पुढे जाणे सोपे, मागे येणे अवघड. २० ला जनकच नाही. कोणत्याही संख्येत तिची अंकबेरीज मिळवून २० येत नाहीत. अशा संख्यांना कापरेकरांनी 'सेल्फ नंबर' म्हटले. आपण त्यांना स्वयंभू संख्या म्हणू. देवळाली संख्या हेही त्यांचेच नाव. शंभराच्या आत त्या तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. वर्गात ही यादी लिहिली की कोणीतरी लगेच ओरडते, 'नवानंतर अकरा-अकराने वाढतात!' ते १०८ पर्यंत खरे आहे. पुढची स्वयंभू संख्या ११९ नसून ११० आहे. नियम दिसला म्हणून तो नियम ठरत नाही, हे मुलांना सांगायला याहून स्वस्त उदाहरण आम्हाला माहीत नाही.

मोठी संख्या स्वयंभू आहे की नाही, हे शोधायला मागच्या सगळ्या संख्या तपासाव्या लागतात का? नाही. नवाच्या कसोटीचा इथे सुरेख उपयोग होतो. कोणतीही संख्या आणि तिची अंकबेरीज यांना नवाने भागले तर बाकी सारखीच उरते. म्हणून जनित संख्येची बाकी ही जनकाच्या बाकीच्या दुपटीशी जुळते. १९६३ घ्या. नवाने भागून बाकी १. कोणत्या बाकीची दुप्पट १ बाकी देते? ५ ची, कारण दहाला नवाने भागून १ उरतो. तेव्हा १९६३ चा जनक असलाच तर त्याची बाकी ५ हवी. शिवाय १९६३ च्या आतल्या कोणत्याही संख्येची अंकबेरीज २७ हून जास्त नाही, म्हणून १९३६ च्या मागे जायचे कारण नाही. उरले तीनच उमेदवार: १९५८, १९४९ आणि १९४०. त्यांच्यापासून मिळतात १९८१, १९७२ आणि १९५४. तेव्हा १९६३ स्वयंभू. कापरेकरांची नव्या स्वयंभू संख्यांवरची पुस्तिका त्याच वर्षी निघाली, हा योगायोग त्यांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही. (त्यांच्या जन्मवर्षाला, १९०५ ला, मात्र जनक आहे: १८८४. आपले वर्ष ज्याने त्याने तपासावे.)

स्वयंभू संख्या अनंत आहेत, आणि मोठ्या पल्ल्यावर पाहिले तर दहांत एकाहून किंचित कमी असे त्यांचे प्रमाण पडते. १९७० च्या दशकात कोलंबियाचे बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांचा प्रश्न अमेरिकेतल्या गणित मासिकात मांडला, म्हणून परदेशी पुस्तकांत त्या 'कोलंबियन संख्या' या नावानेही सापडतात. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांवर लिहिले, तेव्हा कुठे देवळाली हे नाव जगाच्या गणितप्रेमींच्या कानावर गेले.

काही संख्यांना जनक नाही. मग काहींना दोन असतात का? असतात. ९१ मध्ये १० मिळवले की १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. दोन वेगळ्या मार्गांवरून आलेल्या गाड्या इथे एका रुळावर येतात आणि पुढे एकत्रच जातात. कापरेकरांनी अशा संख्यांना 'जंक्शन' हे नाव दिले. आधीच्या एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'डेमलो' म्हटले होते, तेही डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. तेव्हा रेल्वे त्यांच्या गणितात पहिल्यापासून होतीच. १०१ ही सर्वांत लहान जंक्शन संख्या. तिच्यामागून १०३, १०५, १०७, १०९, १११, ११३, ११५, ११७ येतात आणि मग एकदम २०२. पहिल्या नऊही संख्या विषम आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ती पुढे लागणार आहे.

आता खरा प्रश्न. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या कोणती? चार जनक असलेली? विचारायला दोन वाक्ये पुरतात. उत्तरे मात्र अशी आहेत:

तीन जनक: १० ००० ००० ००० ००१
चार जनक: १ ००० ००० ००० ००० ००० ००० ००० १०२

पहिली १४ अंकी आहे. दुसरी २५ अंकी, आणि ७ जून १९६१ ची ती हीच. १०१ वरून एकदम दहा लाख कोटींच्या पलीकडे उडी, आणि तिथून अशा ठिकाणी की जिथले स्थानांचे व्यवहारातले शब्दही संपतात. एक-एक संख्या तपासत कोणी तिथे पोहोचणार नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला होता, पण देवळालीच्या शाळेला त्याचा काय उपयोग? तसे पाहिले तर आजचाही संगणक इथे कामाचा नाही. सेकंदाला शंभर कोटी संख्या तपासल्या तरी एकावर चोवीस शून्यांपर्यंत जायला तीन कोटी वर्षांहून अधिक लागतील. म्हणजे हे काम विचारानेच व्हायला हवे. तो विचार आम्ही इथे वर्गात मांडता येईल अशा रीतीने देत आहोत; पुढची मांडणी आमची आहे.

एकावर पुष्कळ शून्ये असलेली संख्या हा मैलाचा दगड समजा. दगडाच्या पलीकडे लगेचच्या संख्यांची अंकबेरीज अगदी किरकोळ असते: १, २, ३. अलीकडे मात्र नवांची लांबच लांब रांग, म्हणून अंकबेरीज भली मोठी. तेव्हा दगडाच्या थोडे पलीकडे असलेल्या संख्येवर दोन तऱ्हांनी येता येते: पलीकडूनच लहानशा पावलाने, किंवा अलीकडून लांब उडी मारून. दोन्हीकडून जनक मिळाले तर संख्या वाढते.

हे नेमके करू. दगडात न शून्ये आहेत आणि आपली संख्या दगडापुढे प अंतरावर आहे. पलीकडचा जनक 'दगड अधिक क' असेल, तर त्याची अंकबेरीज क च्या अंकबेरजेहून एकाने जास्त. म्हणून क आणि क ची अंकबेरीज मिळून प − १ व्हायला हवे. दुसऱ्या शब्दांत, क हा प − १ चा जनक हवा. अलीकडचा जनक 'न वेळा नऊ, वजा ख' असा लिहू. नवांतून वजा करताना हातचा कधी घ्यावा लागत नाही, म्हणून त्याची अंकबेरीज ९न मधून ख ची अंकबेरीज वजा करून मिळते. बेरीज जुळवली की ख हा ९न − प − १ या संख्येचा जनक ठरतो. (ही दोन ओळींची पडताळणी आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्यावी.)

म्हणजे प्रचंड संख्येचे जनक मोजण्याचे काम दोन चिमुकल्या संख्यांचे जनक मोजण्यावर आले: प − १ आणि ९न − प − १. या दोघींची बेरीज नेहमी ९न − २ असते. सगळी किल्ली इथे आहे.

तीन जनक हवे असतील तर यांतली एक जंक्शन हवी आणि दुसरीला एक तरी जनक हवा. जंक्शन १०१ च्या खाली नाही, म्हणून बेरीज निदान १०१. ९न − २ या रूपाची त्यापुढची पहिली संख्या १०६, म्हणजे न = १२. जंक्शन १०१ घेतले तर जोडीदार ५. १०३ घेतले तर ३. १०५ घेतले तर १. आणि ५, ३, १ तिन्ही स्वयंभू! एकीलाही जनक नाही. बारा शून्यांचा दगड असा स्वयंभू संख्यांनी अडवला आहे. पुढची बेरीज ११५, न = १३. आपल्याला प शक्य तितका लहान हवा, म्हणून प − १ = ० घेऊ. शून्याचा जनक शून्यच, आणि दुसरी संख्या ११५ ही जंक्शन आहे: तिचे जनक ९८ आणि १०७. म्हणून एकावर तेरा शून्ये, अधिक एक. तिचा एक जनक खुद्द दगड, दुसरा ९ ९९९ ९९९ ९९९ ९०१ (अंकबेरीज १००) आणि तिसरा ९ ९९९ ९९९ ९९९ ८९२ (अंकबेरीज १०९). बेरजा करून पाहाव्यात.

चार जनकांसाठी दोन्ही संख्या जंक्शन हव्यात. तेव्हा बेरीज निदान २०२. ९न − २ च्या यादीत त्यानंतर येते २०५. पण लहान जंक्शने सगळी विषम आहेत. दोन विषमांची बेरीज २०५ होणार नाही. २०२ हे सम जंक्शन जोडीला घ्यावे तर बेरीज ३०० च्या पुढे जाते. म्हणून २०५ बाद. पुढची २१४, म्हणजे न = २४, आणि १०१ + ११३ = २१४. प − १ = १०१, म्हणून प = १०२. एकावर चोवीस शून्ये, वर एकशे दोन.

१०१ चे जनक ९१ आणि १००. ११३ चे ९७ आणि १०६. म्हणून आपल्या संख्येचे दोन जनक दगडापलीकडे ९१ आणि १०० या अंतरांवर. त्यांच्या अंकबेरजा ११ आणि २. उरलेले दोन अलीकडे. त्यांतल्या एकात बावीस नऊ आणि शेवटी ०२, अंकबेरीज २००; दुसऱ्यात एकवीस नऊ आणि शेवटी ८९३, अंकबेरीज २०९. चौघेही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. बेरजेशिवाय यात काही नाही, तरी हे पहिल्यांदा जुळलेले पाहून आम्हाला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

इथे एक गोष्ट निसटू देऊ नये. चार जनक दाखवणे वेगळे आणि याहून लहान संख्येला चार जनक नाहीत हे सिद्ध करणे वेगळे. पहिले काम पडताळणीचे आहे, ते कोणीही करील. दुसऱ्यात याआधीच्या सगळ्या संख्यांविषयी बोलावे लागते. वरची मांडणी फक्त एकावर शून्ये असलेल्या दगडांची आहे. दगड २ वर शून्यांचा असला तर, ३७ वर शून्यांचा असला तर, किंवा संख्या कोणत्याच दगडाजवळ नसली तर काय, हे तिने तपासलेले नाही. कापरेकरांचे चार जनकांचे विधानही सिद्धता नव्हते, अंदाज होता.

अंदाजाला पुढे वाट फुटली ती १९६६ मध्ये. ए. नरसिंग राव यांनी 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या भारतीय गणित नियतकालिकात अनेक जनकांच्या संख्या रचण्याची युक्ती दिली. त्यांची पाच जनकांची संख्या अशी: एकावर १,११,१११ कोटी ११ लाख ११ हजार १२४ शून्ये, अधिक १०२. संख्या इतकी मोठी नव्हे. तिच्यातल्या शून्यांचीच संख्या इतकी! सेकंदाला एक अंक लिहिला तर पस्तीस हजार वर्षे पुरणार नाहीत. तरीही किल्ली तीच आहे. पलीकडच्या बाजूला १०१, म्हणजे दोन जनक. अलीकडच्या बाजूला ९न − १०३, आणि तो हिशेब केला की उत्तर येते १० ००० ००० ००० ०१३. या संख्येला तीन जनक आहेत. कसे, ते वाचकांनी वरच्याच रीतीने काढावे.

आता हसणाऱ्यांचे म्हणणे. ते असे की हे गुणधर्म संख्येचे नसून ती लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. एकावर तेरा शून्ये अधिक एक या संख्येचे ११ × ८५९ × १०५८३१३०४९ असे अवयव पडतात. ती दहाच्या पायावर लिहा की आठच्या, अवयव तेच राहतील. जनकांचे तसे नाही. पाया बदलला की अंक बदलले, अंक बदलले की जनक बदलले. माणसाला दहा बोटे आहेत म्हणून १०१ जंक्शन झाले, यात संख्येचे काय? आक्षेप बरोबर आहे, आणि शिक्षकाने तो मुलांपासून लपवू नये. पण त्यावरून हे गणित नव्हे असे ठरत नाही, कारण पाया बदलल्यावर काय होते हाच मग नवा प्रश्न होतो. उदाहरणार्थ सात पायाच्या पद्धतीत संख्या आणि तिची अंकबेरीज एक तर दोन्ही सम असतात नाही तर दोन्ही विषम, म्हणून त्यांची बेरीज नेहमी सम येते. तेव्हा तिथे प्रत्येक विषम संख्या स्वयंभू! नऊ, अकरा, कोणताही विषम पाया घ्या, हेच घडते. दहाच्या पद्धतीत स्वयंभू संख्या विरळ आणि अनपेक्षित जागी का येतात, हे या तुलनेशिवाय कळत नाही.

कापरेकर १९८६ मध्ये देवळालीतच वारले. डिसेंबर २०२१ मध्ये मॅक्स अलेक्सेयेव्ह, डोनोवन जॉन्सन आणि नील स्लोन या तिघांनी एक निबंध जाहीर केला. त्याचे शीर्षकच 'कापरेकरांच्या जंक्शन संख्यांविषयी' असे आहे. स्लोन म्हणजे पूर्णांकांच्या क्रमिकांचा तो प्रचंड कोश ज्यांनी १९६४ पासून उभा केला तेच. या तिघांनी कोणत्याही पायासाठी, हवे तितके जनक असलेली सर्वांत लहान संख्या आधीच्या लहान उत्तरांवरून पायरीपायरीने कशी काढायची याची सूत्रे सिद्ध केली. मोठ्या दगडाचा प्रश्न दोन लहान संख्यांवर आणणे हेच त्यांच्याही युक्तिवादाच्या मुळाशी आहे. फक्त आपण सोडून दिलेल्या सगळ्या शक्यता तिथे हिशेबात घेतल्या आहेत. त्या सूत्रांत दहाचा पाया आणि चार जनक घातले की बाहेर पडते एकावर चोवीस शून्ये, वर एकशे दोन. नरसिंग रावांची पाच जनकांची संख्याही सर्वांत लहान असल्याचे त्याच निबंधात ठरले.